शिदोरी : वडी मोडते का, चिकटते का?

मागच्या अंकात ट्रेकसाठीच्या म्युसली बारची कृती दिली, आणि या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं त्या एका वडीबद्दलच आहेत. कुणाची मोडली, कुणाची चिकटली, कुणाकडे डब्यातच बुरसटली. म्हणून हे सगळं सदर तिलाच देते.

ज्यांच्या हाती मागचा अंक नाही त्यांच्यासाठी मापं पुन्हा एकदा. जाड ओट्स 200 ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे 75 ग्रॅम, भोपळ्याच्या बिया, तीळ आणि राजगिऱ्याच्या लाह्या प्रत्येकी 25 ग्रॅम, बेदाणे 50 ग्रॅम. पाकासाठी साधा गूळ 200 ग्रॅम, साजूक तूप 2 टेबलस्पून, मध 1 टेबलस्पून, चिमूटभर मीठ आणि थोडी सुंठपूड. कोरडं सगळं खमंग भाजायचं, गुळाचा पाक करायचा, कालवायचं, थापायचं, वड्या पाडायच्या. साधारण 40 ग्रॅमच्या 16 वड्या होतात आणि हिशेब केला तर एका वडीत 170 ते 175 कॅलरी पडतात.

ताई, तुमच्या मापाने बार केले. ताटात छान दिसत होते. मुलगा मित्रांबरोबर कळसूबाईला घेऊन गेला आणि घरी येऊन म्हणाला, ‘आई, पिशवीत नुसता चिवडा होता.’ गूळ विरघळल्या विरघळल्या गॅस बंद केला होता, कारण चिक्कीसारखं कडक नको होतं. माझं काय चुकलं? – गृहिणी, डोंबिवली

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. गूळ विरघळणं आणि पाक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरघळलेल्या गुळात पाणी शिल्लक असतं. ते भाजलेले ओट्स पिऊन टाकतात, आणि दाण्याला दाणा धरून ठेवायला काही उरत नाही. ताटात असेपर्यंत वडी नीट दिसते. पाठीवरच्या सॅकमध्ये बारी गावापासून शिड्यांपर्यंत हादरे बसले की तिचा भुगा होतो.

पाक कसा पाहायचा ते नीट सांगते, कारण सगळं इथेच ठरतं. मंद आचेवर जाड बुडाच्या कढईत तूप, किसलेला गूळ आणि फक्त एक चमचा पाणी घाला. गूळ विरघळला की आधी मोठे, पातळ बुडबुडे येतात. ते फुटतात आणि पुन्हा येतात. ढवळत राहा. माझ्या गॅसवर तीन-चार मिनिटांनी बुडबुडे बारीक आणि दाट होतात, पाक कढईत थोडा फुगतो, रंग एक छटा गडद होतो आणि उलथण्यावरून तो थेंबाथेंबाने न पडता जाड धारेने ओघळतो. आता शेजारी ठेवलेल्या थंड पाण्याच्या वाटीत एक थेंब टाका. पाण्यात पसरून गढूळ झाला तर कच्चा आहे. बोटांनी गोळा करता आला, दाबल्यावर चपटा झाला, तरी बोटाला चिकटला नाही, तर हाच आपला गोळीबंद पाक. आणखी मिनिटभर थांबलात तर तोच थेंब वाटीवर आपटल्यावर टण्ण वाजेल. तो चिक्कीचा पाक झाला. तुम्हाला कडकपणाची भीती होती ती त्या टोकाची. मधला टप्पा मात्र तुमच्याकडून राहून गेला.

गूळही पाहून घ्या. संक्रांतीला दुकानदार ‘चिकीचा की साधा?’ असं विचारतो ना, तोच प्रश्न इथे आहे. चिकीच्या गुळाने वडी कडक होते आणि दाताला लागते. म्युसली बारला साधा गूळच घ्या. तो मऊसर धरतो.

दुसरी जागा बहुतेक जणींच्या लक्षात येत नाही. भाजलेलं मिश्रण पाकात घालताना गरम हवं. ओट्स सकाळी भाजून ठेवले आणि पाक संध्याकाळी केला, तर गार दाण्यांना लागताच पाक जागच्या जागी आळतो. मग काही दाणे पाकाने माखलेले आणि काही कोरडेच राहतात, आणि वडी बरोबर त्या कोरड्या जागी मोडते. मी ओट्स भाजून झाले की त्याच कढईत झाकून ठेवते आणि दुसऱ्या शेगडीवर पाक करते. मध गॅस बंद केल्यावर घालते, लगेच मिश्रण ओतते आणि एक मिनिटाच्या आत कालवून होईल इतक्या घाईने हात चालवते.

मग थापणं. तूप लावलेल्या ताटात बटर पेपर अंथरा, मिश्रण ओता आणि वाटीच्या बुडाला तूप लावून जोर देऊन दाबा. कडांकडे जास्त लक्ष द्या. त्यानंतर वर दुसरा बटर पेपर, त्यावर पोळपाट आणि पोळपाटावर वरवंटा ठेवून मी दहा मिनिटं सोडून देते. सासूबाई तिळाच्या वड्यांना लाटणं फिरवायच्या. ओट्सला तेवढं पुरत नाही, त्यांना वजन लागतं. वजन काढल्यावर, वडी कोमट असतानाच सुरीने खोल रेघा मारा. पूर्ण गार झाल्यावर रेघेवर मोडा. गार झाल्यावर कापायला गेलात तर कडा ढासळतात.

आणि हो, झटपट शिजणारे बारीक ओट्स घेतले असतील तर तेही बदला. त्यांची पूड फार सुटते आणि ती पूड सगळा पाक ओढून घेते. चपटे, जाड, पाकळीसारखे दिसणारे ओट्स हवेत.

आमच्याकडे उलट झालं. जुलैमध्ये केलेले बार दुसऱ्या दिवशी चिकट झाले, चौथ्या दिवशी एकमेकांना चिकटून गोळा झाला आणि सहाव्या दिवशी त्यावर पांढरं बुरसट दिसलं. फ्रीजमध्ये ठेवून ट्रेकला नेता येत नाही. कोकणात पावसाळ्यात हा पदार्थ करूच नये का? – शिक्षक, चिपळूण

करा, सर. पण पावसाळ्याची कृती वेगळी ठेवा.

हा धडा मला रतनगडावर मिळाला, आणि बारा जणांच्या जेवणाची जबाबदारी माझ्यावर असताना मिळाला. जुलैचा दुसरा आठवडा होता. भंडारदरा-घाटघर भागातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. गुरुवारी रात्री उशिरा मी 40 बार केले. चवीसाठी त्यात ओलं खोबरं परतून घातलं होतं. झोप आली होती, सकाळी लवकर निघायचं होतं, म्हणून बार कोमट असतानाच मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात रचून झाकण लावून टाकलं. रविवारी सकाळी गडावरच्या गुहेत डबा उघडला तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते. आंबूस वास आला. वरचा बार उचलला तर खालचा त्याच्याबरोबर वर आला, मध्ये तार सुटली. सगळा डबा तसाच बंद करून खाली आणला. बारा माणसं रतनवाडीपर्यंत चहा आणि चार बिस्किटांवर उतरली, त्यात दोघं पहिल्यांदाच ट्रेकला आलेले कॉलेजचे विद्यार्थी होते. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

त्या डब्यात ओल तीन वाटांनी शिरली होती. ओलं खोबरं ही पहिली. कोमट वड्यांची वाफ ही दुसरी. तिसरी वाट गुळाची स्वतःची, कारण गूळ हवेतलं पाणी ओढतो. उघड्यावर ठेवलेली ढेप पावसाळ्यात कशी पाझरते ते तुम्ही कोकणात दरवर्षी बघताच.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी असं करते. ओट्स नेहमीपेक्षा जास्त वेळ, दहा-बारा मिनिटं मंद आचेवर भाजते. एक पाकळी गार करून दाताखाली धरते, ती कट्‌ वाजलीच पाहिजे. बेदाणे कोरड्या कढईत दोन मिनिटं फिरवून घेते, म्हणजे त्यांचा ओलसरपणा जातो. शक्यतो बेदाणे निम्मे करते आणि बाकीच्या जागी दोन चमचे खारीक पूड घालते. ती कोरडी असते आणि उरलेली ओलही शोषते. पाक गोळीबंदच्या थोडा पुढे नेते, गोळी दाबायला जरा जोर लागेल इतका. ओलं खोबरं, ताजी फळं, साखरेत मुरवलेली अननसाची किंवा पपईची ओलसर फोड यांतलं काहीही घालत नाही. वड्या पंख्याखाली पूर्ण गार करते. ताटाच्या बुडाला हात लावून बघते, जरासुद्धा ऊब लागली तर थांबते. मग प्रत्येक वडी वेगळ्या बटर पेपरमध्ये गुंडाळून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, आणि तो डबा घरात सारखा उघडू देत नाही.

एवढं केलं की पावसाळ्यात आठवडाभर वडी चांगली राहते. डिसेंबरात तीच वडी तीन आठवडे टिकते. कोकणच्या जुलैत मी आठवड्याच्या पुढे जाणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. बुरसट दिसलेला भाग खरवडून उरलेलं खाऊ नका, पूर्ण वडी टाका.

इकडे नागपुरात ओलीचा प्रश्नच नाही. मे महिन्यात जवसाची पूड, अक्रोड आणि सुकं खोबरं घालून भरपूर बार केले. कुरकुरीत राहिले, पण पंधरा-वीस दिवसांत कडवट, जुन्या तेलासारखी चव आली. – वाचक, नागपूर

तेल खवट झालं. जवस, अक्रोड आणि खोबरं तिन्ही तेलकट, आणि विदर्भातला मे. उष्णता, हवा आणि उजेड यांनी हे तेल बिघडतं. जवसाची पूड केली की ते आणखी लवकर होतं, कारण आतलं तेल उघडं पडतं. जवस अख्खे भाजून घाला किंवा उन्हाळ्यात वगळा. अक्रोडाच्या जागी शेंगदाणे आणि फुटाण्याचं डाळं घ्या, आणि एका वेळी आठवड्याला पुरतील इतकेच बार करा. अक्रोड आणि खोबरं विकत घेताना एक तुकडा चावून पाहा. दुकानातच खवट असलेला माल भाजून सुधारत नाही.

तुमचं सदर आवडीने वाचतो. पण एक विचारतो. आपल्याकडे शेंगदाण्याची चिक्की आहे, राजगिऱ्याचे लाडू आहेत, दशम्या आहेत. आमच्या वडिलांनी दशमी-चटणीवर सज्जनगड पायी केला. मग ही परदेशी वडी कशाला? – निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

गुरुजी, मी स्वतः सॅकमध्ये लाडू नेते आणि पुढेही नेईन. एका दिवसाचा गड असेल तर दशमीसारखं दुसरं काही नाही.

म्युसली ज्याने सुरू केली त्या माणसाचा आणि या वडीचा संबंधही तसा लांबचाच आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर आपल्या रुग्णांना 1900 च्या सुमाराला एक पदार्थ देत असत. सालीसकट किसलेलं सफरचंद, त्यात चमचाभर भिजवलेले ओट्स, लिंबाचा रस, आटवलेलं दूध आणि वरून बदाम-आक्रोडाची पूड. त्यात मुख्य काम सफरचंदाचं होतं, ओट्स नावापुरते होते. तिकडच्या बोलीत ‘म्युस’ म्हणजे मऊ लगदा, आणि ‘ली’ हा लाडाने लहान करून म्हणायचा प्रत्यय. ओला, चमच्याने खायचा पदार्थ होता तो. कोरडा, खिशात मावणारा बार पुष्कळ पुढचा.

मी बार का नेते, तर दोन कारणं आहेत. लाडू चांगला लागतो, पण सॅकमध्ये दबतो आणि खायला दोन्ही हात लागतात. हरिहर गडाच्या पायऱ्या उतरून खाली सपाटीवर टेकलं की खिशातून एका हाताने काढून खाता येईल असं काहीतरी जवळ हवं असतं. आणि चिक्कीत जवळजवळ निम्मा गूळच असतो. ओट्स घातले की तीच गोडी जरा सावकाश पोटात उतरते आणि दोन तासांनी पुन्हा भूक भूक होत नाही. बाकी गूळ आपला, शेंगदाणा आपला, पाकही आपल्याच आज्यांनी शिकवलेला. तुम्ही एकदा करून बघा आणि सोबत दशमीही ठेवा.

श्रावणात आमचा ग्रुप दर सोमवारी कुठला ना कुठला किल्ला करतो आणि निम्म्या जणांचा उपास असतो. ओट्स उपासाला चालत नाहीत. काही पर्याय? – बँक कर्मचारी, ठाणे

आहे, आणि माझ्या मते चवीला तो मूळ बारपेक्षा सरस आहे.

राजगिऱ्याच्या लाह्या 100 ग्रॅम, शेंगदाण्याचं जाडसर भरड कूट 150 ग्रॅम, भाजलेलं सुकं खोबरं 30 ग्रॅम, खारीक पूड 50 ग्रॅम, साधा गूळ 220 ग्रॅम, तूप दीड टेबलस्पून, अर्धा चमचा सुंठ, चवीपुरतं सैंधव. लाह्या हलक्या असतात, 100 ग्रॅमचा ढीग पाहून घाबरू नका. पातेलं मोठं घ्या.

लाह्या विकतच्या घेतल्या तरी चालतील, पण घरी फोडलेल्यांचा वास वेगळाच येतो. लोखंडी कढई चांगली तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून गेला पाहिजे. एका वेळी फक्त एक चमचा राजगिरा टाका आणि सुती फडक्याची घट्ट पुरचुंडी करून तिने लगेच फिरवा. काही क्षणांत तडतड करत पांढरी फुलं उमलतात. ती ताबडतोब ताटात काढा, पुढचा चमचा टाका. एकदम मूठभर टाकलात की खालचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. न फुटलेले दाणे चाळून काढा, बारमध्ये ते दाताखाली वाळूसारखे येतात.

पाक गोळीबंद, आणि बाकी पद्धत तीच. फक्त थापताना वाटीने हळू दाबा आणि वरवंटा ठेवू नका. लाह्या चेपल्या गेल्या तर सगळी मजा जाते.

मी हॉस्टेलला राहतो. ओव्हन नाही, मोठी कढई नाही, मेसच्या काकूंकडून फार तर दहा मिनिटं गॅस मिळतो. राजगड-तोरणा करायचाय, आणि रोज जिम करतो म्हणून प्रोटीनही हवंय. प्रोटीन पावडर घातली तर? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

तुझ्यासाठी पाकच नको. खजुराचा बार कर.

बिया काढलेला मऊ खजूर 200 ग्रॅम, शेंगदाण्याचं बटर 80 ग्रॅम, भाजलेले ओट्स 120 ग्रॅम, डाळ्याचं पीठ 60 ग्रॅम, चिमूटभर मीठ. काकूंकडून मिळालेल्या दहा मिनिटांत ओट्स भाजून घे, तेवढंच गॅसचं काम आहे. खजूर कोमट पाण्यात भिजवू नकोस, तिथेच पाणी शिरतं. स्वच्छ हाताने किंवा खलबत्त्यात कुटून लगदा कर, त्यात शेंगदाण्याचं बटर मळ आणि मग बाकी सगळं घालून पुरणासारखा घट्ट गोळा कर. डब्याच्या झाकणात बटर पेपर लावून थाप आणि काप. हा बार खूप दिवस राहत नाही, थंडीत पाच-सहा दिवस धर. दोन दिवसांच्या ट्रेकला भरपूर झाले.

पावडर घालायची असेल तर याच बारमध्ये घाल, दोन चमचे. उकळत्या पाकात घातलीस तर ती फाटते आणि बार रवाळ, कोरडा होतो. माझं मत विचारशील तर शेंगदाणे आणि डाळं यांत प्रोटीन चांगलं असतं, आणि तुझ्या खिशाला ते परवडतं.

आणखी एक. राजगडावरून तोरण्याला जाताना मधल्या धारेवर सावली कमी आणि पाणी त्याहून कमी. कोरडा बार खाल्ला की तहान लागते. माणशी तीन लिटर पाणी घे, बार एकदम संपवू नकोस, दर तासाला अर्धा अर्धा खा आणि त्यावर चार घोट पाणी पी. घाम खूप जात असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत वेगळं ने. बार त्याची जागा घेत नाही.

डिसेंबरात आम्ही दोघं उत्तराखंडात केदारकंठाला जाणार आहोत. आमच्या ओळखीचे गेल्या वर्षी गुळाचे बार घेऊन गेले होते, ते बर्फात दगड झाले म्हणे. – दांपत्य, कोल्हापूर

खरं आहे. घरी हाताने मोडणारा गुळाचा बार शून्याखाली गेला की दाताने तुटत नाही. दाढेत चांदी भरलेली असेल तर मुळीच प्रयत्न करू नका.

वर त्या विद्यार्थ्याला सांगितलेला खजूर आणि शेंगदाण्याच्या बटरचा बार तुमच्यासाठी योग्य आहे. तोही घट्ट होतो, पण चावता येतो. तुकडे लहान करा, दोन घासांचे. दिवसभराचे चार तुकडे सकाळीच जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेने ते मऊ राहतात. सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवले तर कामाचे नाहीत.

केदारकंठाची उंची साधारण 12,500 फूट आहे. तिथे अनेकांची भूक मरते आणि गोड नकोसं होतं. म्हणून निम्म्या तुकड्यांत एक चमचा आवळ्याची सुकी पूड किंवा आमचूर, चिमूटभर काळं मीठ आणि मिरपूड घाला. मागे थंडीतल्या एका हिमालयीन ट्रेकवर माझ्याबरोबरच्या मैत्रिणीला दुपारनंतर काहीही जात नव्हतं. तो आंबट तुकडा मात्र तिने मागून घेतला. कोरड्या थंडीत बुरशीची चिंता नाही, पण तिथे पोचेपर्यंतचा प्रवास दोन दिवसांचा आहे, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशीच करा.

आम्ही मेलबर्नला असतो. इथे ‘म्युसली बार’ हा शब्द घरोघरी आहे, पण मुलाच्या शाळेने डब्यात कुठलेही नट्स आणू नका असं कळवलंय. घरी नऊ महिन्यांची मुलगीही आहे, तीही दादाच्या हातातलं मागते. – वाचक, मेलबर्न

आधी मुलीचं. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध अजिबात देऊ नका, बारमधला भाजलेला मधही नाही. मधात एका जिवाणूची बीजं असू शकतात, घरच्या आचेने ती मरत नाहीत, आणि इतक्या लहान बाळाच्या आतड्यात ती वाढून गंभीर आजार होऊ शकतो. शिवाय चिवट वडी आणि अख्खे दाणे घशात अडकण्याची भीती वेगळी. तिला ओट्सची मऊ पेज द्या.

दादासाठी सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया भाजून घाला, दोन्ही मिळून 100 ग्रॅम. शेंगदाणे काढून टाका, आणि बियांच्या पाकिटावर ‘नट्स हाताळले जाणाऱ्या ठिकाणी भरलेलं’ असं छापलंय का ते वाचा. तिळाचीही ॲलर्जी असणारी मुलं असतात, म्हणून तीळ घालण्याआधी शाळेला विचारा. गुळाऐवजी तिथे गोल्डन सिरप, म्हणजे साखरेचा दाट सोनेरी पाक, सहज मिळतं, तिकडच्या ओट्सच्या अँझॅक बिस्किटात घालतात तेच. ते साखरावत नाही म्हणून वडी छान धरते. तूप, सिरप आणि थोडी ब्राउन शुगर गरम करून मिसळा, थापा आणि ओव्हनमध्ये 160 अंशांवर कडा सोनेरी होईपर्यंत, साधारण 20 ते 25 मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर मऊ वाटेल, घाबरून पुन्हा आत घालू नका. गार होताना घट्ट होते. वेलची आणि जायफळ मात्र सढळ हाताने घाला, म्हणजे डबा उघडल्यावर घरचा वास येईल.

मला मधुमेह आहे. गुळाचा बार साखरेपेक्षा बरा ना? – वाचक, जळगाव

नाही. गूळ, मध आणि खजूर, तिन्हींनी रक्तातली साखर वाढते. बार खायचा की नाही आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. इन्सुलिन किंवा गोळ्या घेऊन चढणीला जात असाल तर ग्लुकोज पावडर वेगळी जवळ ठेवा. साखर अचानक उतरली तर बारचा उपयोग नाही, त्यातलं तूप आणि दाणे गोडी लवकर रक्तात उतरू देत नाहीत. बरोबरच्यांनाही ती पावडर कुठे ठेवली आहे ते दाखवून ठेवा.

पाक दोनदा साखरावला. वड्या वाळूसारख्या भुसभुशीत झाल्या. – वाचक, सोलापूर

पाक उतरवल्यावरही ढवळत राहिलात, किंवा कढईच्या कडेला चिकटलेला गूळ खरवडून पुन्हा आत ढकललात, बहुधा यांपैकी एक झालं असणार. पाक होत आला की कडा खरवडू नका. गूळ विरघळताना लिंबाचे चार थेंब घाला आणि मध वगळू नका. साखरावलेलं मिश्रण टाकून देऊ नका, कढईत सुटं करून भाजा आणि सकाळी दुधात घाला.

बार कशात गुंडाळून न्यावे? मागच्या वेळी माकडाने सिंहगडावर पिशवीच ओढून नेली. – वाचक, पुणे

माकडं चुरचुरणाऱ्या पिशवीचा आवाज ओळखतात, त्यात खाणं आहे हे त्यांना माहीत असतं. हातात पिशवी धरून चालू नका. बार सॅकच्या आत, कापडी पिशवीतल्या डब्यात ठेवा. वाटेतले दोनच खिशात ठेवा, आणि माकडं दिसत असताना खिशातून काढू नका. त्यांना तुकडा टाकूही नका, पुढच्या ट्रेकरच्या अंगावर ती त्याच आशेने येतात.

गुंडाळायला बटर पेपर घ्या. वडीच्या अडीच पट लांब तुकडा कापायचा, मधोमध वडी ठेवायची, दोन घड्या घालायच्या आणि टोकं लिमलेटच्या गोळीसारखी पिळायची. एका हाताने उघडतो आणि आवाज करत नाही. बहुतेक बटर पेपरवर पातळ लेप असतो, तो गडावर टाकला तर लवकर कुजत नाही. म्हणून मी प्रत्येक कागदावर पेनने आकडा घालते, एक ते सोळा. संध्याकाळी खाली गावात चहाला थांबलो की सगळ्यांकडून कागद गोळा करते. मागच्या महिन्यात अकरा नंबर सापडत नव्हता. शेवटी तो एका मुलीच्या पावसाळी जॅकेटच्या बाहीत, घडी करून नीट ठेवलेला मिळाला.

पुढच्या अंकासाठी डाळं-चुरमुऱ्याच्या तिखट बारबद्दल विचारलं आहे त्यांनी थोडं थांबावं. त्याला गूळ न घालता धरून कसं ठेवायचं यावर माझे प्रयोग चालू आहेत. तिसऱ्या खेपेचा बार काल सकाळी ताटातून अख्खा निघाला, संध्याकाळपर्यंत मात्र टिकला नाही.